पाळणा बांधणारीचं नाव

"नाव कशाला गं लागतंय वैजू? तहानलेला माणूस पाणी पितो. हीर कुणी खणली, इचारतो का?"

हा आवाज सुंद्राआत्याचा. विहिरीला ती हीर म्हणायची. मी तेव्हा परकर सावरत तिच्या मागं मागं हिंडायची. ती माझ्या वडिलांची धाकटी बहीण. मूलबाळ झालं नाही म्हणून सासरच्यांनी आणून सोडलेली, असं आम्ही ऐकत आलो होतो. माझी आई गेल्यावर तिनंच मला आणि रमाकांतला वाढवलं. पण आत्या ती सगळ्या बार्शीची होती. कारण गावात कुणाचंही बारसं असो, पाळणा बांधायला तीच लागायची.

पाळणा बांधायचा म्हणजे लाकडी नव्हे, गाण्यातला. बारशाच्या आदल्या दिवशी बोलावणं आलं की आत्या जायची ती थेट स्वयंपाकघरात. बाळ नंतर बघायची. चुलीजवळ फतकल मारून बसायची आणि घरातल्या बायकांना म्हणायची, "हं, नावं सांगा." आजा, आजी, चुलते, मावश्या, बाळाच्या आजोळची माणसं, गेलेली माणसंसुद्धा. आणि शेवटी आवाज बारीक करून, "रुसलेलं कोण हाय?"

त्या दिवशी ठोंबऱ्यांच्या घरी होतो. ठोंबरेकाकू म्हणाल्या, "धाकटे भावजी बोलत नाहीत. शेताच्या बांधावरून झालंय. पण त्यांचं नाव नको घालू बाई, येणारच नाहीत ते."

"मग त्यांचंच आधी," आत्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बायका पाळण्याभोवती उभ्या राहिल्या आणि आत्यानं सूर धरला:

*रुसल्या चुलत्याला आधी बोलवा,*
*त्याच्या हातानं पाळणा हालवा,*
*जो बाळा जो जो रे जो.*

मी दाराशी होते, म्हणून मला दिसलं. धाकटे ठोंबरे समोरच्या पानपट्टीवर उभे होते, आपला काही संबंध नसल्यासारखे. गाण्यात आपल्यालाच बोलावलेलं ऐकलं तशी त्यांनी हातातली सुपारी खाली टाकली. रस्ता ओलांडला, चपला काढल्या आणि कुणाशी काही न बोलता पाळण्याची दोरी हातात घेतली. काकूंनी डोळ्यांना पदर लावला.

परत येताना मी आत्याला म्हटलं, "सगळ्यांची नावं आली. नोकराचंसुद्धा आलं. आणि तुझं?"

तेव्हा ती ते विहिरीचं म्हणाली. म्हणाली आणि हसली. ओटीतले घुगऱ्यांचे दाणे माझ्या हातावर ठेवले आणि भरभर पुढं चालायला लागली. तिच्या मागं धावताना मला वाटलं, जगात याच्याहून शहाणं वाक्य नाही. ते मी मनात असं जपलं, जसं लहान पोर काचेचा तुकडा हिरा म्हणून जपतं.

पुढं मी शिकले, मुलींच्या शाळेत मराठी शिकवायला लागले, लग्न होऊन जगदाळ्यांची काशीद झाले. सासर गावातच, वेशीच्या पलीकडं. कविता करायची सवय आत्याकडून लागलेली. चाल तिच्या ओवीचीच, दोन ओळींत सगळं बसवायचं. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आले तेव्हा रमाकांत हसत सांगायला लागला, "ताई, आत्या अजून तुझं ताट मांडती. भाकरी वाढती, मग ध्यानात येतंय, मग गुपचूप कुत्र्याला घालती." आत्या त्याच्यावर डाफरली, तसा तो मागच्या दारानं पळाला. मी उंबऱ्यातच उभी होते. तिथल्या तिथं ओळी आल्या आणि मी त्या तिला म्हणून दाखवल्या:

*लेक चालली सासरी, घर पुसतं घराला,*
*तिच्या वाट्याची भाकर आता वाढू मी कुणाला?*

आत्यानं तोंड फिरवलं. तशीच म्हणाली, "पुन्हा म्हण." मी पुन्हा म्हटलं. तिनं एकदा तोंडातल्या तोंडात घोळवून पाहिलं आणि म्हणाली, "बसलंय गं. हिसका बसतोय शेवटाला." माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं बक्षीस ते.

आमच्या शाळेत विश्वंभर नाईकनवरे नावाचे शिक्षक होते. इतिहास शिकवायचे, पण गावाला ते ठाऊक होते सूत्रसंचालक म्हणून. लग्न, सत्कार, जयंती, दुकानाचं उद्घाटन, माइक त्यांच्याच हातात. आवाज दाणेदार, कपाळावर केसाची बट, आणि बोलण्यात पदोपदी कुणाच्या ना कुणाच्या ओळी. मधल्या सुट्टीत एकदा मी त्यांना माझ्या ओळी म्हणून दाखवल्या. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली.

"मॅडम, हे तुम्ही कुणाकुणाला ऐकवलंय?"

"आत्याला. आणि आता तुम्हाला."

"वेड्या आहात. मंचावर या. रविवारी नगरवाचनालयात कविसंमेलन आहे, मीच घेतोय. दोन कविता वाचा. लोकांना शब्द नंतर कळतात मॅडम, आधी चेहरा लागतो. चेहरा ओळखीचा झाला की मग माणूस कान देतो."

"मला नाही जमायचं ते. स्वतःचं नाव सांगत गावभर हिंडायचं."

"त्यात काय लाज? भाजीवालीसुद्धा ओरडते, मेथी घ्या मेथी. तिची मेथी काय वाईट असते?"

"विहीर ओरडत नाही," मी म्हटलं. आणि आत्याचं सगळं तत्त्वज्ञान ऐकवलं. मला ते म्हणताना केवढं भारी वाटायचं.

नाईकनवऱ्यांनी बशी पुन्हा उचलली. मग म्हणाले, "बरं. तुम्ही नाही येत तर ओळींना तरी येऊ द्या. मी वापरू?"

"वापरा की."

"नाव सांगू?"

"नको."

त्यांनी आणखी एकदा विचारलं. हे मला त्यांच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे. मी पुन्हा नको म्हटलं.

लग्नात मुलीची पाठवणी होते, त्या वेळी ते या ओळी म्हणायला लागले. मुलीच्या बापाच्या हातात हात देऊन, आवाज खाली आणून, शेवटच्या शब्दावर थांबायचे. अख्खा मांडव रडायचा. सुरुवातीला ते म्हणायचे, "आपल्याच गावातली एक अनामिक कवयित्री म्हणते." पुढं गाव गेलं, "एक कवयित्री म्हणते." मग "कुणीतरी म्हटलंय." मग "मी नेहमी म्हणत असतो." या पायऱ्या ते कधी उतरले हे त्यांनाही कळलं नसावं. मला मात्र एकेक पायरी ऐकू येत होती. मंडपाच्या मागच्या खुर्चीवर बसून मी स्वतःला समजावत होते. पाणी पितायत ना लोक? झालं तर मग.

मग माझ्या एका विद्यार्थिनीचं लग्न आलं. कार्यालयाच्या दारातच मोठा फ्लेक्स. नवरानवरीचे फोटो, खाली गुलाबाची फुलं आणि फुलांमध्ये माझ्या दोन ओळी. त्यांच्याखाली लफ्फेदार अक्षरात 'शब्दगंधर्व विश्वंभर नाईकनवरे', आणि बट असलेला फोटो. नवरीची आई माझा हात धरून रडत म्हणाली, "मॅडम, वाचलंत का? सरांनी कसं ओळखलं हो आईच्या मनातलं?"

मी म्हटलं, "हो ना."

घरी आले आणि ओट्याजवळ उभी राहिले. पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, तर घोट उतरेना. नाईकनवऱ्यांना मुलगीच नव्हती. दोन्ही मुलगे. सासरी गेलेल्या लेकीचं ताट कुणी मांडलं होतं त्यांच्या घरी?

त्या दिवसापासून मला माझं नाव हवंसं वाटायला लागलं. तहान लागावी तसं.

कविता गोळा केल्या, टाइप करून घेतल्या आणि पुण्याला एका प्रकाशन संस्थेत पाठवल्या. तिथल्या संपादक अलका पाटणकरांनी भेटायला बोलावलं. जिन्याखालच्या त्या लहानशा खोलीत त्यांनी माझ्या कविता मला मोठ्यानं वाचून दाखवल्या. इतक्या चांगल्या वाचल्या की मी मान खाली घातली.

"सुरेख आहेत," त्या म्हणाल्या. "पण ही एक काढावी लागेल. ही नाईकनवऱ्यांची आहे ना? माझ्या भाचीच्या लग्नात ऐकली मी. साताऱ्याला."

"ती माझी आहे."

त्यांनी चष्मा काढला. त्या चेहऱ्यावर संशय नव्हता, कीव होती. ते जास्त लागलं.

"काशीदबाई, मला पटतंय. हातच सांगतोय, बाकीच्या सगळ्या कविता याच हाताच्या आहेत. पण मी छापलं तर लोक काय म्हणतील? शिक्षिका बाईंनी नाईकनवऱ्यांची ओळ उचलली. तुम्हाला कोण ओळखतं? कुठं वाचलंय तुम्ही? कुठल्या अंकात आलंय? फेसबुकवर आहात?"

"नाही."

"का?"

मी विहिरीचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "पण विहिरीला चोर नसतो हो, कवितेला असतो. आधी वाचक जोडायचे. शंभर माणसांना जरी माहीत असतं की हे वैजयंता काशीदचं, तर त्या शंभरांतला एक जण साताऱ्याच्या मांडवात उठून बोलला असता. वाचक म्हणजे नुसती पुस्तकं विकत घेणारी माणसं नव्हेत. ती आपली साक्षीदार असतात."

मी उठायला लागले तशा म्हणाल्या, "एक करा. नाईकनवऱ्यांना एकदा, चारचौघांत, ओळी तुमच्या आहेत असं म्हणू द्या. मी संग्रह त्याच ओवीनं सुरू करते."

योग असा की पुढच्याच आठवड्यात आमच्या साहित्य मित्र मंडळानं नाईकनवऱ्यांचा सत्कार ठेवला होता. मी त्यांना शाळेतच गाठलं. ते फळा पुसत होते. ऐकल्यावर बराच वेळ फळाच पुसत राहिले, स्वच्छ झाला तरी.

"मॅडम, तुम्हीच म्हणाला होता, नाव नको."

"म्हणाले होते. पण तुमचं घाला असं नव्हते म्हणाले."

"मी नाही हो घातलं. लोकांनी घातलं. एकदा छापून आलं, मग मी नाही म्हणायचं विसरलो." ते हसायला गेले, पण जमलं नाही. "आता मी काय सांगू? इतकी वर्षं खोटं बोललो? या आवाजावर माझं घर चालतं. शाळेच्या पगारावर नव्हे, लोकांच्या मानावर. तुम्ही एकाही मांडवात उभ्या राहिला नाहीत. घसा मी फोडला. उन्हातान्हात मी गेलो. ओळ गावात नेली कुणी?"

"तुम्ही नेलीत. पण उचलून कुठून नेलीत?"

त्यांनी डस्टर टेबलावर ठेवलं. बाहेर मुली लंगडी खेळत होत्या, त्यांचा गलका आत येत होता. मग म्हणाले, "कुणी साक्षीला आहे?"

"आत्या. त्या ओळी तिनं सगळ्यांत आधी ऐकल्या."

आत्याचं नाव ऐकल्यावर त्यांचा चेहरा बदलला. त्यांच्या दोन्ही मुलांचे पाळणे आत्यानं बांधले होते. "आत्या म्हणाल्या तर माझी हरकत नाही. मी माइकवर विचारतो त्यांना. त्या म्हणाल्या वैजूच्या, तर गळ्यातला हार तिथल्या तिथं तुमच्या गळ्यात. झालं?"

तो माणूस शब्दाचा पक्का होता, हे मला अजूनही मान्य आहे.

संध्याकाळी मी आत्याला सगळं सांगितलं. ती मेथी निवडत होती. तिला आता दिसायला कमी झालं होतं, बोटांनीच कोवळी आणि जून पानं ओळखायची.

"काय बोलायचं म्या?"

"खरं ते. ओळी वैजूच्या. एवढंच."

"माइकात?"

"माइकात."

तिची बोटं थांबली. "लई माणसं असतील?"

"असू दे की. तुझ्या पाळण्यात झोपलेलीच आहेत सगळी."

"बरं," ती म्हणाली.

सत्काराच्या दिवशी तिला नवी इरकली नेसवली. पहिल्या रांगेत बसवली. येणारा जाणारा तिच्या पाया पडत होता. माणसं तिला म्हणत होती, "आत्या, ओळखलं का? मी ठोंबऱ्यांचा." ती त्यांची डोकी चाचपत होती. पाटणकरबाईंना मी सकाळीच फोन करून सांगितलं होतं, आज होईल म्हणून.

शाल झाली, नारळ झाला, हार झाला. भाषणं झाली. मग नाईकनवरे उभे राहिले. पाठवणीच्या आवाजात त्यांनी माझ्या दोन ओळी म्हटल्या. सभागृहात नाकं ओढल्याचे आवाज आले. टाळ्या थांबल्यावर ते माइक घेऊन पायऱ्या उतरले आणि आत्यासमोर येऊन खाली वाकले.

"आज मला एक खुलासा करायचा आहे. आमच्या वैजयंतामॅडम म्हणतात, या ओळी त्यांच्या आहेत. आणि त्या सगळ्यांत आधी ऐकल्या आपल्या सुंद्राआत्यांनी. आत्या सांगतील ते मला मान्य. आत्या, सांगा. ओळी कुणाच्या?"

माइक आत्याच्या तोंडाशी आला. सगळं सभागृह वळून माझ्याकडं, मग तिच्याकडं बघायला लागलं. आत्यानं माझ्या दिशेनं मान वळवली. तिचे ओठ हलले. मी स्पष्ट पाहिलं, 'व'साठी खालचा ओठ दाताशी गेला. आणि तिथंच थांबला.

मग तिनं माइक दोन्ही हातांनी धरला.

"ओवीला कसला आलाय धनी?" ती म्हणाली. आवाज जरासुद्धा कापला नाही. "गाईल त्याची ओवी."

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की भिंतीवरच्या फोटोंची धूळ उडाली असावी. कुणीतरी म्हणालं, "वा आत्या." नाईकनवऱ्यांनी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. उठले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. माइकवर म्हणाले, "ही आपली परंपरा." लोक उभे राहिले. मीही राहिले. टाळ्या वाजवल्या. काय करणार होते?

रिक्षात मी म्हटलं, "आत्या, काय केलंस हे?"

"जल्मभर म्हणत आले तेच म्हणले."

ते खरंच होतं. मी घरापाशी तिचा हात धरून तिला उतरवलं, उंबरा दाखवला आणि आत न जाता परत फिरले.

त्यानंतर मी बाहेर पडले. रागानं पडले, असंच म्हणायला हवं. पहिल्यांदा एका हळदीकुंकवात उभी राहिले आणि कवितेआधी म्हटलं, "मी वैजयंता काशीद, बार्शीची. ही माझी कविता." पदर डोक्यावरून खाली पडावा तसं वाटलं. पुढच्या वेळी थोडं कमी वाटलं. बचत गटांत गेले, वाचनालयात, आंबेडकर जयंतीला, करमाळ्याला, वैरागला, एस.टी.नं, पदरच्या तिकिटानं. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीनं फेसबुकचं पान काढून दिलं. तिथं मी दर सोमवारी दोन ओळी टाकायची आणि खाली नाव. आधी माझेच विद्यार्थी अंगठा दाखवायचे. मग कुणी नांदेडहून विचारलं, "बाई, पुढची कधी?" त्या अनोळखी बाईनं विचारलं तेव्हा मी स्वयंपाक सोडून फोन हातात धरून बसले होते. ज्याच्याशी आपली तोंडओळखही नाही असं कुणीतरी आपल्या नावाची वाट बघतंय, हे काय असतं ते मला तोवर ठाऊक नव्हतं. आत्यालाही नसावं, असं मी समजत होते.

पुस्तक निघालं. चांगलं गेलं. त्यात ती ओवी नाही. लेकीवर, माहेरावर मी काहीही वाचलं की सभेनंतर कुणीतरी येऊन प्रेमानं सांगतंच, "मॅडम, छान. नाईकनवरेसरांच्या वळणाचं आहे." मी म्हणते, "हो का?" ते सर आता निवृत्त झालेत. घसा बसलाय. भेटलो की नमस्कार करतो आम्ही.

आत्याशी मी बोलत होते. औषध, जेवण, गुडघे, एवढंच. ती माझ्या एकाही कार्यक्रमाला आली नाही. मी बोलावलंही नाही.

गेल्या उन्हाळ्यात रमाकांतच्या लेकीला मुलगी झाली. बारसं आमच्याच माहेरी. आत्या आता फार थकली होती, तरी आदल्या दिवशी दुपारी तिनं हट्ट धरला. पाळणा मीच बांधणार. डोळे जवळजवळ गेलेले, म्हणून तिच्यापाशी मी बसले. ती ओळ म्हणायची, मी फोनवर आवाज भरून घ्यायची. गाण्यात रमाकांत आला, त्याची बायको आली, जावई आला, व्याही आले. आजोळची, बापाकडची, सगळी नावं आली.

सवयीनं तिनं विचारलं, "रुसलेलं कोण हाय?"

घरात दुसरं कुणी नव्हतं. बायका बाहेर पापड वाळत घालत होत्या. मी म्हटलं, "मी."

तिचा हात जमिनीवरून माझा गुडघा शोधत आला आणि तिथंच राहिला.

मग मी परकरातल्या वयात विचारलं होतं तेच विचारलं. "आत्या, सगळ्यांची नावं आली. आणि तुझं?"

मला वाटलं, विहीर येईल. विहीर आली नाही. तिनं डोळे मिटले आणि अगदी हलक्या, कोवळ्या आवाजात, जो मी कधीच ऐकला नव्हता, म्हटलं:

*आत्या ठेविते नाव गं हौसेनं,*
*पाळणा बांधिला मोहित्यांच्या सुंद्रेनं,*
*जो बाळा जो जो रे जो.*

मोहिते म्हणजे तिचं सासर. ते आडनाव तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"हा पहिला पाळणा माजा," ती म्हणाली. "नणंदेच्या पोराचा. नाव ठेवलं त्याच्या आत्यानं, पाळणा बांधला म्या. नवी नवरी व्हते. शेवटाला माजं नाव घातलं, भर बारशात म्हणलं. मामंजी बाहेर सोप्यात बसले व्हते. आत आले, दोरी धरून पाळणा थांबिवला. म्हणले, सुनंचं नाव गावानं गायचं? हितं काय तमाशाचा फड लागलाय? दुसऱ्या दिवशी मला गाडीत घालून हितं आणून सोडलं."

"आम्हाला तर सांगितलं होतं, मूल झालं नाही म्हणून."

"व्हायला तरी येळ कुठं दिला? लगीन होऊन वरीस न्हवतं." ती हसल्यासारखं करून थांबली. "तुज्या बानं मला हितं ठेवून घेतलं, पन म्हणला, कुणाला सांगू नकोस. नावापायी आली म्हणलं तर लोक थुंकतील. मग म्या ते हिरीचं काढलं. रोज म्हणलं. म्हणून म्हणून खरं वाटाया लागलं."

बाहेर कुणीतरी पापडावरचा कावळा हाकलला. फोन अजून आवाज भरून घेत होता, तो बंद करायचं मला सुचलं नाही.

"आणि त्या दिवशी?" मी विचारलं. "माइक तोंडाशी होता. माझं नाव तुझ्या ओठांवर आलं होतं. मी बघितलंय आत्या."

"आलं व्हतं."

"मग?"

तिनं माझ्या गुडघ्यावरचा हात काढून घेतला. बराच वेळ ती आपल्या पदराचं टोक बोटांनी चाचपत राहिली, मेथीचं पान चाचपावं तसं.

"गिळलं," ती म्हणाली. "माजं कुणी घेतलं न्हवतं, म्हणून."